माझ्या बिनतारी यंत्राचा पंचनामा

मी दारू गाळलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जव्हारात अजूनही असे लोक आहेत जे मला रस्त्यात गाठतात, इकडेतिकडे बघतात आणि "काय कंपाउंडर, यंदा मोह चांगला फुललाय" असं म्हणून एक डोळा बारीक करतात. फुलला असेल. फुलणं हे मोहाचं काम आहे. माझा आणि मोहाचा संबंध आयुष्यात एकदाच आला, आणि तोही मी कडकडीत विरोध केल्यावर आला.

मी, त्र्यंबक कर्णिक, दरबारच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. त्या वर्षी मी बिनतारी यंत्र करायचं ठरवलं. एका ठिकाणी खटका दाबायचा आणि मधे तारबीर काही नसताना दुसऱ्या ठिकाणी घंटी वाजायची, एवढंच ते यंत्र. हे मला का सुचलं, असं जो तो विचारतो. आमच्या आळीतले लोक दुपारभर गंजिफा खेळतात, त्यांना कोणी असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

ठिणगी पाडायची डबी मला संस्थानातल्या एका निकामी मोटारीतून मिळाली. ही मोटार घाट चढताना जी एकदा बसली ती पुन्हा उठली नाही, आणि पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. डबी काढून घेताना एका कोंबडीने माझ्या अंगठ्याला चोच मारली. विद्येच्या मार्गातलं ते पहिलं विघ्न. ठिणगी पडली की तिच्या लहरी चहूकडे पसरतात, आणि त्या पकडायला एक काचेची बारीक नळी लागते. नळीत लोखंडाचा कीस भरायचा. लहर आली की कीस एकमेकाला चिकटतो आणि विजेला वाट देतो, मग घंटी वाजते, घंटीचा दांडा जाता जाता नळीला टपली मारतो आणि कीस पुन्हा सुटा होतो. हे मी एका मुंबईच्या मासिकात वाचलं होतं. टपली मारून शहाणं करण्याची ही रीत आमच्या शाळेतही होती, त्यामुळे मला ती लगेच पटली.

वीज कुठून आणायची, हा प्रश्न होता. जव्हारात वीज होती ती फक्त आभाळात. मासिकात लिहिलं होतं की काचेच्या बरणीत जस्ताची कांडी आणि कोळशाची कांडी उभी करावी आणि नवसागराचं पाणी भरावं, म्हणजे घरच्या घरी वीज तयार होते. बरण्या घरात होत्या. त्यांत लोणचं होतं, पण ते मी एका पातेल्यात काढून ठेवलं. ह्या लोणच्याचं पुढे काय झालं ते विचारू नये. आमच्या घरात अजूनही विचारतात. शिवाय तांब्याची तार एका पोकळ बांबूवर वेटोळी घालून गुंडाळायची होती. बांबू परसात होता.

तर आता चित्र बघा. परसातली बंद खोपटी. आत फळीवर ओळीने बरण्या, बरण्यांत नवसागराचं पाणी. मधोमध बांबूची नळी, तिच्यावर तांबं. आणि महिना चैत्राचा, म्हणजे रानात मोहाच्या फुलांचा सडा पडलेला. ज्याने जन्मात एकदा तरी मोहाची भट्टी पाहिली आहे त्याला ह्यापुढे काही सांगायला नको. मी पाहिली नव्हती, हाच माझा गुन्हा.

वाण्याकडे नवसागर मागितला तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाणी म्हणाला, "किती मडकी लावलीत?"

"मडकी नाहीत, बरण्या आहेत," मी म्हणालो.

वाणी खूश झाला. "बरणीत रंग चांगला दिसतो," म्हणाला, आणि पुडी जरा जास्तच भरून दिली. दुकानात आणखी दोघं होते. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं की विज्ञानाची चाड असलेली माणसं आपल्या गावातही आहेत.

पहिला प्रयोग घरातल्या घरात केला. खटका माजघरात, घंटी परसातल्या खोपटीत. उंच तार परसातल्या आंब्यावरून सोडली, आणि जमिनीची जोड, म्हणजे तांब्याचा पत्रा, मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे पुरला. मासिकात बजावलं होतं की खालची तार ओल्या मातीत गेली पाहिजे; माती कोरडी असली तर यंत्र मुकं. मी खटका दाबला. खोपटीत घंटी खणखणली. मी तसाच धावत जाऊन ती ऐकली, आणि मी पोचेपर्यंत ती थांबली. मग पुन्हा येऊन दाबला आणि पुन्हा धावलो. असं बऱ्याच वेळा केल्यावर लक्षात आलं की दुसरं माणूस लागेल.

दुसरं माणूस म्हणजे आमचं कुटुंब, गौरा. ती शेवटचे कपडे वाळत घालत होती, आणि ते माझ्या उंच तारेवर.

"अगं, ही लहरींची तार आहे."

"लुगडं वाळेपर्यंत लहरींना थांबायला सांगा," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की ह्या यंत्राचा पहिला फायदा तिलाच आहे. मी खोपटीत काम करत असलो की तिने खटका एकदा लांब दाबून धरायचा, म्हणजे जेवण तयार आहे असं मी समजेन. तिने पदर खोचला. "माझा घसा शाबूत आहे. मी हाक मारली की अर्ध्या आळीला कळतं. तुम्हाला कळत नाही तो दोष घशाचा नाही." आणि त्या खटक्याला ती जन्मात हात लावणार नाही, हे तिने मला, तिच्या सासूबाईंच्या तसबिरीला आणि मांजरीला सांगितलं. लोणच्याचं प्रकरण अजून ताजं होतं, म्हणून मी वाद वाढवला नाही. पण माघारही घेतली नाही.

शेजारच्या भिकाजीपंत टिपणिसांनी मला सल्ला दिला. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते सल्लाच देत होते. तीच तार आणखी उंच, आंब्याच्या शेंड्यावर चढवताना ते खाली उभे राहून म्हणाले, "त्र्यंबका, तुझी लहर किती लांब जाते?"

"दरीपलीकडे जावी असा बेत आहे. तिथे लाडक्या म्हणून एक वारली आहे, त्याच्या माळापर्यंत."

"आणि तिथे थांबते?"

"थांबत नाही. क्षीण होत होत पुढे जाते."

पंतांनी चष्मा काढला. "पुढे मोखाडा. म्हणजे खालसा मुलूख, इंग्रजांचा. जव्हारचा माल नाक्यावर जकात न भरता पलीकडे जातो आहे, असा अर्थ होतो. आणि समजा, सूर्यमाळच्या डोंगरावर आपटून लहर परत आली, तर ती आयात. तिची वेगळी जकात. तू रीतसर अर्ज कर."

मी झाडावरून सांगितलं की लहरीला वजन नसतं. पंत म्हणाले की नाक्यावर वजन नसलेल्या मालाची जकात नगावर घेतात. मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण एक हात फांदीला होता. अर्जही केला नाही. ठिणगी पाडायला अर्ज करायचा तर चुलीलाही करावा लागेल.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी तिन्हीसांजेला तेच पंत मागच्या दाराने आले. हातात तांब्या, तांब्यावर फडकं. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग हळूच म्हणाले, "आमच्या हिच्या गुडघ्यांना चोळायला. दोन थेंब. पहिल्या धारेचं असेल तर बरं."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा माझ्या कानशिलांतून वाफ निघाली असावी. मी पंतांना हाताला धरून खोपटीत नेलं, खटका तिथेच आणून दाबला, ठिणगी पाडून दाखवली, घंटी वाजवून दाखवली. पंतांनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान. बाहेरच्याला दाखवायला हे चांगलं आहे. आता खरं कुठे ठेवलं आहेस?"

तेव्हा मला समजलं की वाण्याच्या दुकानातला तो आदर विज्ञानाला नव्हता. पुढच्या आठवड्यात आळीतले तिघं जण गुडघे, कंबर आणि जुनाट खोकला घेऊन मागच्या दाराने येऊन गेले. मी प्रत्येकाला पुढच्या दाराने घालवलं. त्यामुळे माझ्या मालाचा भावही वाढला असं लोक म्हणू लागले.

आणि मग अबकारीचे सबनीस आले.

सबनीस हा मनुष्य मूळचा वाईट नसावा. रानात उन्हातान्हात फिरून, ओढ्याकाठची मडकी फोडून त्यांचा स्वभाव तसा झाला होता. ते आले ते शिपाई आणि पंच घेऊनच, आणि पंच म्हणून आणले ते टिपणीस. खोपटीचं दार उघडताच सबनिसांनी बरण्या मोजल्या, एकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"माल अजून कच्चा आहे," ते शिपायाला म्हणाले.

"ते विजेचं पाणी आहे," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणतात. एकजण म्हणाला गुरांचं औषध, एकजण म्हणाला देवाचं तीर्थ. विजेचं पाणी आजच ऐकलं." मग त्यांनी बांबूवरचं तांबं हातात घेऊन वेटोळी मोजली. "इतकी वर्षं नोकरी केली, इतकी सुरेख नळी पाहिली नाही. नवसागर कशाला घेतलात?"

घाबरलेला माणूस सोपं खोटं बोलतो. मी म्हणालो, "कल्हईला."

"घरात भांडी किती?" असं विचारत सबनीस बुटांसकट मोरीत आले.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गौरा उंबऱ्यात उभी होती. तिने साहेबांकडे बघितलं आणि सावकाश सांगितलं, "भांडी मोजकी आहेत आणि कल्हई दिवाळीत झाली. हे खोटं बोलतायत. पण दारू नाही गाळत. हे यंत्र मला डोळ्यांसमोर नको असतं, माझं लोणचं त्याने घालवलं. तरी पण ते यंत्रच आहे. बूट बाहेर काढून बोला."

सबनिसांनी बूट काढले. पण जप्तीचा कागदही काढला. दरबारचा कंपाउंडर, ज्याच्या ताब्यात दवाखान्याचं स्पिरिट, तो घरात भट्टी लावतो असं लिहून गेलं की माझी नोकरी त्या कागदाबरोबरच जाणार होती. आणि नोकरी गेली तरी निभावलं असतं, पण कर्णिकांच्या घरात भट्टी हे वाक्य जव्हारात कायमचं राहिलं असतं. माझे वडील चहालासुद्धा व्यसन म्हणत.

मी म्हणालो, "साहेब, यंत्र आहे की भट्टी हे जिभेने ठरत नाही. उद्या दरीपलीकडे लाडक्याच्या माळावर चला. घंटी तिथे लावतो. खटका इथे घरी राहील. वाजली तर कागद फाडा."

"आणि नाही वाजली तर?"

"तर हवं ते लिहा. सही मी करीन."

हे बोलून झाल्यावर मला वाटलं की सही करण्याचं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलेलं परत घेण्याची आमच्या घराण्यात रीत नाही, आणि सबनीस हसत होते. हसणाऱ्या माणसासमोर मी माघार घेत नसतो.

सबनिसांनी आपली अट घातली. घंटी किती वेळा वाजायची तो आकडा ते आपल्या शिपायाच्या कानात सांगणार. शिपाई माझ्या घरी बसणार, खटका दाबणाऱ्याला तेवढाच आकडा सांगणार. माळावर तेवढेच ठोके पडले पाहिजेत. अट चोख होती, मला ती आवडली. अडचण एवढीच की खटका दाबणार कोण. पंत पंच होते. उरलं एकच माणूस, आणि तिने मांजरीसमोर शपथ घेतली होती.

रात्री जेवताना मी विषय काढला नाही. गौराच म्हणाली, "मी दाबीन. यंत्रासाठी नाही. त्या मेल्याने मोरीत बूट घालून पाय ठेवला म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. दरी उतरून पलीकडे चढायचं, वाट साखरशेतकडे जाणारी. लाडक्याचा माळ उंचावर आहे, तिथून आमच्या परसातला आंबा स्पष्ट दिसतो. लाडक्याने मला सागाच्या उंच झाडावर तार चढवू दिली होती, आणि का चढवायची हे एकदाही विचारलं नव्हतं. जव्हारातल्या सुशिक्षितांपेक्षा मला तो माणूस म्हणूनच आवडतो. त्याचा पुतण्या ढवळू हाळी द्यायला होता. ढवळूने टेकडीवर उभं राहून हाळी दिली की ती पार आमच्या आळीत ऐकू येते. रानात चुकलेली गुरं त्या हाळीने परत वळतात. त्याने हाळी दिली की गौराने खटका दाबायचा, असं ठरलं होतं.

सबनिसांनी हे ऐकलं आणि धापा टाकत खडकावर बसले. "म्हणजे इथून ओरडलेलं तिथे ऐकू जातं."

"जातं."

"मग ह्या यंत्राचा उपयोग काय?"

मी म्हणालो, "साहेब, ढवळूची हाळी सगळ्या दरीला ऐकू जाते. माझी घंटी ज्याला ऐकायची त्यालाच ऐकू येते. उद्या तुम्हाला तुमच्या कुटुंबाला काही सांगायचं झालं, तर ते गुरांनी ऐकावं का?" सबनीस अविवाहित होते, हे मला नंतर कळलं.

वाटेत ओढ्याच्या कपारीत त्यांच्या माणसांना मोहाच्या सडव्याची दोन मडकी सापडली होती. राखणारा पळून गेला होता. सडवा म्हणजे फुलं आंबवलेलं नवसागराचं पाणी, गाळायच्या आधीचं. ती मडकी त्यांनी डोक्यावरून माळावर आणली आणि सावलीत ठेवली. त्या आंबूस वासात मी माझं शास्त्रीय यंत्र मांडलं. सागाखाली खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, त्याला तार जोडली. आता खड्ड्यात घागरभर पाणी ओतलं की झालं. घागर मी सकाळीच ढवळूच्या खांद्यावरून आणवली होती.

घागर रिकामी होती.

"उन्हाचं चढून आलो," सबनीस म्हणाले. "पंतांनाही लागलं. थंड होतं हो पाणी."

माझी जमिनीची जोड सबनीस आणि टिपणीस दोघांत वाटून प्यायले होते. चैत्रात त्या माळाची माती खापरासारखी असते. मी ढवळूला हाळी द्यायला लावलं. हाळी गेली, दरीपलीकडे कुत्री भुंकली, घंटी गप्प. पुन्हा हाळी. घंटी गप्प. मी तारा घट्ट केल्या, नळीला टिचकी मारली, कीस हलवला. पुन्हा हाळी. सबनिसांनी विडा काढला आणि सावकाश चुना लावू लागले.

तेवढ्यात लाडक्याची सून रामी डोक्यावर दोन हंडे घेऊन वाटेने आली. मी पुढे झालो. "रामी, एक हंडा दे. खड्ड्यात ओतायचा आहे."

"कसला झाड लावलास?" तिने विचारलं.

"झाड नाही. तांब्याचा पत्रा आहे."

ती थांबली. हंडे न उतरवताच माझ्याकडे, खड्ड्याकडे आणि त्या तारेकडे बघून म्हणाली, "झिऱ्यावर येवढा येवढा पानी येतं दाक्तर. वाटीनं भरलं, सकाळपासून बसून. माझी पोरां प्यायची हायेत, बैल प्यायचा हाये. पत्र्याला तहान नाय लागं." आणि ती निघून गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी पुन्हा मागितलं नाही. नोकरी गेली तरी लहान पोरांच्या हंड्यातून ती वाचवायची नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं, आणि ते कळल्याचं मला आजही बरं वाटतं.

ढवळूने आणखी हाळ्या दिल्या. अखेर त्याच्या घशातून नुसती फुसफुस निघू लागली. तो मुकाट सागाखाली बसला. आता गौराला खूण द्यायचाही मार्ग उरला नाही.

सबनीस उठले. "कर्णिक, पुरे झालं. पंत, लिहायला घ्या. आणि हा सडवा इथेच नासवून टाका, एवढ्या उन्हात परत कोण वाहणार." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. उघड्या जमिनीवर ओतलं तर कोणी फुलं वेचून पुन्हा लावतं, म्हणून खड्ड्यात ओतायची त्यांच्याकडे रीत होती. आणि खड्डा आयता तयार होता. "ह्याच खड्ड्यात ओता."

मी खड्ड्यासमोर उभा राहिलो. "ह्यात नाही."

"का?"

"ही माझ्या यंत्राची जोड आहे. यंत्र चाललं नसेल, पण ह्याला मोहाचा थेंब लागू देणार नाही. हा कर्णिकांचा खड्डा आहे. दारूचा आरोप तुम्ही माझ्यावर ठेवलात, तो मी ऐकून घेतला, पण खड्ड्यावर ठेवू देणार नाही. मला आत ढकला आणि मग ओता."

सबनीस मला ढकलायलाही तयार होते, पण मधे लाडक्या आला. त्याने एका मडक्यात हात घातला आणि ओंजळभर सडवा घेतला. "सायेब, मोह असा फेकाचा नाय. आधी धरतरीला द्याचा, मंग काय ता करा. आमी पिताव तवा पन पयला थेंब तिचा." धरतरी म्हणजे त्यांची भूमाता. तिला दिल्याशिवाय तिथे कोणी मोह तोंडाला लावत नाही. आणि जमीन उकरलेली होती ती एकाच ठिकाणी. लाडक्याने मला हाताने बाजूला सारलं, म्हाताऱ्या माणसाला अडवता येत नाही, आणि खड्ड्याशी वाकून काही पुटपुटत ओंजळ सोडली. मग मागे वळून शिपायांना म्हणाला, "आता ओता."

दोन्ही मडकी खड्ड्यात गेली. तहानलेल्या मातीने ती गटागट पिऊन टाकली. वास असा सुटला की पंतांनी डोळे मिटून घेतले. मी तोंड फिरवून उभा राहिलो. माझ्या यंत्राचा असा अंत व्हावा, आणि त्याच्या मयताला हा वास असावा, हे मला सहन होईना.

आणि घंटी वाजली.

ढवळू बसलेला होता, हाळी कोणी दिली नव्हती. घंटी आपली आपण वाजली आणि थांबली. मग पुन्हा वाजली. सबनिसांच्या बोटांतला विडा तसाच राहिला. पुन्हा वाजली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, ते मोजत होते. घंटी पाच वेळा वाजली आणि सबनिसांचे ओठ मिटले. त्यांच्या तोंडावरूनच मला आकडा कळला. पलीकडे गौरा हाळीची वाट न बघता दाबत बसली होती. हाळी थांबली म्हणजे आम्ही दमलो असू, पण तिचं दमायचं काही कारण नव्हतं.

नवसागराने जी आग लावली ती नवसागरानेच विझवली, कारण सडव्यात तो भरपूर होता आणि विजेला तो फार आवडतो. पाण्याने जितकी ओली झाली नसती तितकी ती माती झाली. हे मला त्या क्षणी समजलं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. पण सबनिसांना सांगावं लागलं, कारण त्यांनी विचारलं.

त्यांनी बोटांतला विडा तोंडात टाकला. मग पंतांना म्हणाले, "लिहा. यंत्र बिनतारी आहे, भट्टी नाही. आमच्यासमक्ष सांगितलेले ठोके बिनचूक पडले." पंतांनी लिहिलं. "पुढे लिहा. यंत्र मोहाच्या सडव्यावर चालते."

"हे लिहू नका," मी म्हणालो.

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. म्हणून ते त्या पंचनाम्यात अजून आहे, आणि म्हणूनच लोक अजून डोळा बारीक करतात. असू दे. यंत्र माझं होतं, ते चाललं, आणि कशावर चाललं हे ज्याचं त्याने बघावं.

पंत खाली सही करायला वाकले आणि घंटी पुन्हा वाजली. ह्या वेळी ठोका पडून थांबला नाही. घंटी खणखणत राहिली, लांब, एकसारखी, माझ्या खोपटीत कधी वाजली नव्हती इतकी लांब.

सबनीस एकदम सावध झाले. "हे काय? हा आकड्यात नाही. मी पाचच सांगितले होते."

मी खाली बसून घंटीजवळ कान नेला. जन्मात लावणार नाही म्हणालेली ती बाई तो खटका दाबून धरून बसली होती, आणि ते मला इथे, दरीपलीकडे, ऐकू येत होतं.

"कर्णिक, हे कशाचं आहे? मला लिहावं लागेल."

मी खांद्यावर उपरणं टाकलं आणि वाटेला लागलो. "लिहा," मी म्हणालो, "भात निवतोय."